दर अमावास्येचा प्रश्न

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. हाव मोठी, मन कोते. त्याने डोंगर फोडून शापित खजिना काढला आणि मोहरांच्या राशीवर उभा राहून गर्जला, "हे माझे, ते माझे, सारे माझे." खजिन्याचा राखणदार करालनाथ मांत्रिक म्हणाला, "तथास्तु. मग इतरांजवळ 'माझे' हा शब्द तरी कशाला?"

त्या घटकेपासून प्रजेच्या तोंडून मी, तू, माझे, तुझे हे शब्द अर्थासकट गेले. दर अमावास्येला भर दुपारी मांत्रिक चावडीपुढे येई, एक मूल उचली आणि विचारी, "हे कोणाचे?" आई ऊर बडवी, पण शब्द ओठांवर येत नसे. असे बिनधन्याचे मूल डोंगरावर नेऊन तो त्याची शिळा करी.

शब्द उरले एकट्या शिवदेव पंतोजींजवळ; शापाच्या दिवशी ते नदीपलीकडे बहिणीकडे होते. त्यांना ना बायको ना पोर, शाळा हाच प्रपंच. पहिल्याच मुलासाठी ते धावले, "हे माझे." मांत्रिक हसला. "खोटे. खोट्याने शाप हलत नाही."

तेव्हा शाळेच्या आढ्यावरची साळुंकी बोलली, "पंतोजी, एका मुलाच्या तोंडून 'माझे' खरे निघाले, की शाप फिटेल. तीन अमावास्या उरल्या. पुढे तुमचेही शब्द जातील."

पंतोजींनी कंबर कसली. छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी." मुले त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मी." दुसऱ्या दिवशी ते दिसताच पोरे ओरडली, "मी आले, मी आले." बिचाऱ्यांना ते नावच वाटले. महिनाभर घसा कोरडा केला, पण सारे पालथ्या घड्यावर पाणी. अमावास्येला कुंभाराची चिमी गेली.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी एकेकाच्या ओंजळीत बोरे घातली. "ही तुझी बोरे." मुलांनी शहाण्यासारखी ती परत केली आणि पोपटासारखे म्हटले, "ही तुझी बोरे." अमावास्येला कोष्ट्याचा मुकुंदा गेला. त्याच्या आईने पंतोजींना बोल लावला नाही, आणि तेच त्यांना सोसवेना.

तिसऱ्या महिन्यात तापाची साथ आली. पंतोजींनी शिकवणे सोडले. पोरांच्या उशाशी बसून पेज भरवू लागले. तेलिणीची वेणू तर नऊ दिवस त्यांच्या मांडीवर होती. आशा मात्र त्यांच्यात कणभर उरली नव्हती. आपण कसले पंतोजी, असे त्यांना वाटे.

अमावास्येला ते स्वतःच पुढे झाले. "मुले पुरे. मला न्या."

"शिळा व्हाल."

"होईन."

मांत्रिकाने मनगट धरले आणि रीतीप्रमाणे विचारले, "हा कोणाचा?"

पंतोजींनी मान खाली घातली. कोणाचाच नाही, हे त्यांना ठाऊक होते. इतक्यात त्यांचे उपरणे कोणी ओढले. खाली वेणू उभी होती, तापातून नुकती उठलेली.

"सोडा त्यांना," ती मांत्रिकाला म्हणाली. "हे माझे पंतोजी."

मांत्रिकाने 'खोटे' म्हणायला तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही. बघता बघता त्याची राख झाली. राजाच्या मोहरांचे खडे झाले. डोंगरावरच्या शिळा पुन्हा मुले होऊन धावत गावात आल्या आणि आया त्यांना नावाने हाका मारून कवटाळू लागल्या. ज्याचे त्याला मिळाले.

चावडीपुढे पोरांची झोंबाझोंबी जुंपली. "माझे पंतोजी." "हट, माझे." पंतोजींनी जन्मभर पोरांची भांडणे सोडवली होती. हे एक त्यांनी सोडवले नाही.