करवंट्यांचा तराजू

एकदा एका बाजारपेठेच्या गावातील वृद्ध गुरुजींनी शाळेचा अभ्यासक्रम बदलला. पाठांतर कमी केले आणि मुलांना सांगितले, "वजन शिकायचे आहे ना? मग महिनाअखेर प्रत्येकाने तराजू करून आणायचा. स्वतःच्या हाताने."

महिना सरला. तराजू गुरुजींच्या मेजावर आले आणि त्यांच्यामागोमाग पालकही वर्गात येऊन उभे राहिले. पुढे एक व्यापारी होता. त्याच्या हातात सर्वांच्या सह्यांचा अर्ज होता. नव्या पद्धतीत मुले काही शिकत नाहीत; जुना अभ्यासक्रम आणा, नाहीतर मुलांची नावे शाळेतून काढतो.

"गुरुजी, आम्ही पाढे घोकूनच मोठे झालो. काय वाईट झालं आमचं?" व्यापारी म्हणाला.

"दोऱ्याच बांधायच्या तर शाळेत कशाला घालायचं?" मागून एक बाई म्हणाली. सगळे हसले.

मेजावरचा सर्वांत देखणा तराजू गुरुजींनी उचलला. सागवानी दांडी, पितळी पारडी, रेशमी दोरे. खाली व्यापाऱ्याच्या मुलीचे नाव. गुरुजींनी कात्री घेतली आणि सगळे दोरे कापले. पारडी खणखणत फरशीवर पडली.

"अहो, हे काय!" व्यापारी ओरडला. "तीन संध्याकाळी खपलोय मी त्याच्यामागे!"

त्याची मुलगी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. तिचे कान लाल झाले होते.

"तुम्ही?" गुरुजी म्हणाले. "नाव तर हिचं आहे. बाळ, तू काही केलं नव्हतंस?"

"केला होता तराजू. करवंट्यांचा." तिने मान वर केली. "एका बाजूला झुकायचा. का झुकतो ते मला कळत आलं होतं. बाबांनी तो कचऱ्यात टाकला. म्हणाले, लोक हसतील."

गुरुजी संतापून पालकांकडे वळले. "अर्जात लिहिलंय, नव्या पद्धतीत मुलं काही शिकत नाहीत. शिकतील कशी? ज्या चुकीतून ती शिकणार, ती चूकच तुम्ही घराबाहेर फेकता! मी कापलेले दोरे पुन्हा बांधता येतील. तुम्ही कापलंत ते कोण बांधणार? अभ्यासक्रम जुना आणा की नवा. मुलांच्या जागी तुम्हीच बसणार असाल, तर दोन्ही व्यर्थ."

मुलगी उठली. कोपऱ्यातल्या सामानाच्या टोपलीतून दोन करवंट्या, काठी आणि सुतळी घेऊन ती पुन्हा बाकावर बांधायला बसली. पहिली गाठ सुटली. व्यापाऱ्याचा हात पुढे आला.

"बाबा, नको." तिचा आवाज मऊ नव्हता.

दुसरी गाठही सुटली. व्यापारी तिच्या शेजारी बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. अर्जही तिथेच चुरगळत होता.

तराजू उभा राहिला आणि एका बाजूला झुकला. या वेळी कोणी हसले नाही.

घरी मुलांचा प्रकल्प चालू असताना आपले हात कुठे असतात, एवढे पाहिले तरी पुरे.