वाढवून ठेवलेला आकडा

एकदा एक फरशांचा व्यापारी एका वृद्ध गुरूंकडे सायकल शिकायला गेला. हसू नका, सायकल त्याला लहानपणापासून येत होती. पण एकाच दिवशी आधी समुद्रात पोहायचं, मग गावंच्या गावं मागे पडतील इतकी सायकल चालवायची आणि उतरल्या उतरल्या धावत सुटायचं, अशी एक दीर्घ शर्यत असते. तिचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. चाळिशीला माणसाच्या डोक्यात काही ना काही शिरतंच. याच्या डोक्यात हे शिरलं.

व्यापाऱ्याचं नाव श्रीरंग. गुरूंना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी तरुणपणी सायकलच्या शर्यती गाजवल्या होत्या. आता गुडघे दुखत, पण नजर शाबूत होती. त्यांच्या सायकलच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. तिथे सायकलींची मागची चाकं काढून त्या यंत्रांवर घट्ट बसवलेल्या असत. कितीही पेडल मारा, सायकल जागची हलत नाही. प्रत्येक सायकलीपुढे एक छोटा पडदा आणि त्यावर तुमचे पाय किती जोर लावताहेत त्याचा आकडा. ज्यांना रस्त्यावर तासन्‌तास घालवणं परवडत नाही अशा संसारी माणसांसाठी अप्पांनी ही सोय केली होती.

श्रीरंगला वेळेची ददात नव्हती. दुकान धाकटा भाऊ सांभाळत असे. रविवारी उजाडताच निघून तो घाट चढे, उतरे आणि दुपारी जेवायला घरी येई. मधल्या वारी तो अप्पांच्या खोलीतही हजेरी लावी.

त्याच खोलीत, त्याच शर्यतीच्या तयारीला, वृषाली नावाची एक डॉक्टर येत असे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला भूल देणं हे तिचं काम. नवरा परगावी नोकरीला, मुलगी शाळेत, सासूबाई थकलेल्या, आणि रुग्णालयातून बोलावणं केव्हा येईल त्याचा नेम नाही. दिवसातला पहाटेचा एक तास तेवढा तिचा होता. तो संपला की घाम पुसत पुसतच ती गाडी सुरू करी.

एकदा अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "रस्त्याला उतार असतो. उतारावर पाय विसावतात, आणि आपण तोही वेळ मेहनतीत धरतो. या खोलीत उतार नाही. वृषालीचा तास हा सगळाच्या सगळा तास असतो."

हे त्यांनी श्रीरंगकडे न बघता म्हटलं. श्रीरंगला मात्र वाटलं, आपल्याला उद्देशूनच म्हटलं.

हेव्याला एवढं पुरतं. वास्तविक तो तिच्या बराच पुढे होता. पण पुढे निघून गेलेल्या माणसाचा आपल्याला फारसा हेवा वाटत नाही. मागून हळूहळू जवळ येणाऱ्याचा वाटतो. श्रीरंग स्वतःशी धुसफुसू लागला. आपण ऊन खातो, धूळ खातो, घाटात कुत्री मागे लागतात, आणि ही बाई पंख्याखाली बसून कौतुक खाते! एकदा जेवताना तो बायकोला म्हणाला, "डॉक्टरांचं काय, त्यांना सगळं आयतं." बायकोने विचारलं, "काय आयतं?" ते त्याला सांगता येईना, म्हणून भाजीत मीठ कमी आहे म्हणाला.

आता त्या यंत्रांत एक सोय असते. आकडा बरोबर येतो की नाही हे पडताळून त्यात दुरुस्ती करता येते. एका संध्याकाळी खोलीत कुणी नसताना श्रीरंगने वृषालीच्या यंत्रात हात घातला आणि तिचा आकडा वाढवून ठेवला. एकदम नव्हे. आज थोडा, चार दिवसांनी आणखी थोडा. कमी केला असता तर ती तक्रार घेऊन अप्पांकडे गेली असती. वाढलेल्या आकड्याची तक्रार जगात कुणी करत नाही. शर्यतीच्या दिवशी अप्पा प्रत्येकाच्या पेडलमध्ये जोर मोजणारं मापक बसवून देत, आणि ते खरं बोलणार होतं. खोलीतल्या फुगलेल्या आकड्यावर विसंबून वृषाली रस्त्यावर न झेपणारा जोर लावील, आणि सायकलवरून उतरल्यावर धावायला तिच्या पायांत काही उरणार नाही. मग अप्पांना कळेल बंद खोलीतल्या तासाची किंमत. असा हा बेत होता. व्यापारी हुशार होता, यात शंका नाही.

वृषालीचा आकडा वाढू लागला. तिला कोण आनंद झाला! "अप्पा, बघा तरी," ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "अहो, दिवसभर पडद्यावरचे आकडे बघूनच मी माणसं सांभाळते. आकडा चढला म्हणजे चढला." खोलीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी पेढे मागितले.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. श्रीरंगला त्या आकड्याचाही हेवा वाटू लागला. तो खोटा आहे हे साऱ्या जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. स्वतःच्या हातांनी त्याने तो वाढवला होता. तरी टाळ्या ऐकून त्याच्या पोटात दुखायचं ते दुखलंच. शेजारच्या सायकलवर बसून, जो आकडा कुणाच्याही पायांनी काढलेला नव्हता, त्याची बरोबरी करायला तो दातओठ खाऊन पेडल मारू लागला.

शर्यत पंधरवड्यावर आली. शर्यतीत कुणी किती जोर लावायचा हे दरवर्षी अप्पा स्वतः ठरवत. प्रत्येकाला समोर बसवून, नाडी बघितल्यासारखं बघून ठरवत. हा अधिकार त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. त्या दिवशी मात्र ते सर्वांदेखत म्हणाले, "वृषालीचा आकडा यंदा श्रीरंग ठरवील. रस्ता त्याच्या पायाखालचा आहे. त्याने नीट विचारपूस करावी आणि सांगावं. मी त्यात पडणार नाही."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. जुन्या शिष्यांना सोडून हे काम श्रीरंगला, आणि तेही वृषालीचं! श्रीरंगने चपापून अप्पांकडे पाहिलं. पण अप्पांचा चेहरा नेहमीसारखाच होता.

रुग्णालयाच्या उपाहारगृहात दोघं बसली. विचारपूस करायची म्हणून श्रीरंगने विचारायला सुरुवात केली. झोप किती होते? "मिळेल तेवढी. काल मधेच एक बाळंतीण आली, मग राहिलीच." लांबची सायकल कधी चालवली होती? "मुलगी आजोळी गेली होती तेव्हा. एकदाच." सायकल चालवता चालवता खायचा सराव? "तो होतो की. सकाळचा नाश्ता मी खोलीत पेडल मारतानाच करते. दुसरा वेळ कुठला काढू?" ती हे रडगाणं म्हणून सांगत नव्हती. चहात बिस्कीट बुडवत सहज सांगत होती. अप्पा दुकान उघडण्याच्या आधीच ती शटरबाहेर येऊन उभी राहते, कारण उशीर झाला तर तो तिच्याच तासातून जातो, हेही त्याला तेव्हाच कळलं. इतके महिने तिच्या शेजारी सायकल चालवून त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचा पडदा मात्र पाठ होता.

त्याने खरा हिशेब मांडला आणि एक आकडा सांगितला. तिच्या पायांना खरोखर झेपेल असा, म्हणजे पडद्यावरच्या आकड्याहून बराच कमी.

"एवढाच?" वृषाली हसली. "अहो, खोलीत मी याच्या कितीतरी वर चालवते."

"रस्ता वेगळा असतो, डॉक्टर. जपून गेलेलं बरं."

तिने कप खाली ठेवला. "श्रीरंग, राग मानू नका, पण एक विचारते. माझं पुढे येणं तुम्हाला बघवत नाही का?"

हा आरोप कित्येक महिने खरा होता, तेव्हा कुणी केला नव्हता. आज तो प्रथमच तिच्या भल्याचं बोलत होता, आणि नेमका आज तो त्याच्यावर आला. आता गप्प बसला असता तरी चाललं असतं. तिने हट्टाने आपलाच आकडा धरला असता, बेत आपोआप पार पडला असता, आणि वर लोक म्हणाले असते की श्रीरंगने सावध केलं होतं, हिनेच ऐकलं नाही. इतकी सोपी संधी दैवही क्वचितच देतं. श्रीरंगने टेबलावरच्या चहाच्या डागाकडे पाहिलं.

"नव्हतं बघवत," तो म्हणाला. "म्हणून तुमच्या यंत्राचा आकडा मी वाढवून ठेवला. तो खोटा आहे, डॉक्टर. आता सांगितला तो खरा आहे."

तिने कप बाजूला सरकवला.

"आमच्याकडे असं कुणी केलं तर माणूस टेबलावर मरतो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ही एकच शर्यत मी घरच्यांकडे मागून घेतलीय. पुन्हा मागणार नाही. हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"नव्हतं."

"कधी विचारलंत?"

तेवढ्यात तिला आतून बोलावणं आलं आणि ती उठून गेली. अर्धा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीरंगने तिच्यादेखत यंत्र नीट केलं. वृषाली सायकलवर बसली. आकडा खाली आला होता. तिने एकदा टॉवेलमध्ये तोंड खुपसलं, पुन्हा वर केलं आणि तास पुरा केला. उतरल्यावर तिने अप्पांना विचारलं, "यांनी सांगितलेला आकडा बरोबर आहे का?"

"मी त्यात पडणार नाही म्हणालो होतो," अप्पा म्हणाले.

तिने श्रीरंगकडे रोखून पाहिलं. रुग्णाकडे पाहतात तसं, राग बाजूला ठेवून. मग निघून गेली. शर्यतीच्या सकाळी तिच्या मनगटावर पेनाने एक आकडा लिहिलेला होता. तो श्रीरंगने दिलेलाच होता.

त्या दिवशी श्रीरंग तिच्या आधी पोचला. कुणीतरी त्याच्या गळ्यात पदक घातलं, ते त्याने धड पाहिलंही नाही. तो शेवटच्या रेषेजवळ आडव्या लावलेल्या बांबूंपाशी जाऊन उभा राहिला आणि वळणाकडे बघू लागला. माणसं येत होती. कुणी धावत, कुणी लंगडत, कुणी दोघांच्या खांद्यावर. वृषाली येईना. आकडा जास्त तर सांगितला नाही ना? वाऱ्याचा अंदाज चुकला असेल का? ती मागे पडावी म्हणून ज्याने एवढं कारस्थान रचलं, तोच आता ती दिसेना म्हणून कासावीस झाला होता.

अप्पा शेजारी येऊन टेकले.

"अप्पा, तुम्हाला ठाऊक होतं," श्रीरंग वळणावरची नजर न काढता म्हणाला.

"पाय तेच, श्वास तोच, घाम तेवढाच, आणि आकडा मात्र वाढतोय. इतकी वर्षं बघतोय मी. आणि तिचा आकडा वाढला की तुझा चेहरा उतरायचा, पण तुला नवल कधी वाटायचं नाही."

"मग यंत्र नीट का नाही केलंत? मला हाकलून का नाही दिलंत?"

"यंत्र नीट झालं असतं, पण तू आणखी कुठेतरी जाऊन आणखी कुणावर तरी जळत बसला असतास," अप्पा म्हणाले. "हेवा करणारा माणूस समोरच्याचं एवढंसंच बघतो, बाबा. जे आपल्याला खुपतं तेवढंच. बाकीचा माणूस बघायची त्याच्यावर पाळीच येत नाही. पण दुसऱ्याला काय झेपेल हे आपल्याला ठरवायला लागलं, की तो सगळा बघावा लागतो. झोप, जेवण, घर, दम, सगळं. मी तुला शिक्षा नाही केली. बघायला बसवलं."

"आणि मी गप्प बसलो असतो तर? तिची एकुलती एक शर्यत होती."

"तर आज पहाटे मीच तिला खरं सांगितलं असतं. तिची शर्यत मी तुझ्या भरवशावर सोडली नव्हती." अप्पांनी गुडघा चोळला. "तुला मात्र तुझ्याच भरवशावर सोडलं होतं."

तेवढ्यात वळणावर वृषाली दिसली. ती धावत होती. हळू, पण चालत नव्हती, धावत होती. श्रीरंग घसा बसेपर्यंत ओरडला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि पाहावं अशी त्याचीही अपेक्षा नव्हती.

रेषा ओलांडून ती वाकून उभी राहिली. अप्पा लंगडत तिच्यापाशी गेले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आजवर त्यांनी श्रीरंगच्या डोक्यावर कधी हात ठेवला नव्हता. त्याच्या पोटात पुन्हा तेच दुखलं, ओळखीचं. तो क्षणभर तिथेच थांबला. मग गर्दीतून वाट काढत तिच्यासाठी पाणी आणायला गेला.

हेवा समूळ जातो असं मी तुम्हाला सांगणार नाही, पण तो पोटात असतानाही उठून पाणी आणायला जाता येतं.