गोजराचं पेव

फार फार मागची गोष्ट. खडकवळी नावाच्या माळावरच्या गावात गोजरा नावाची बाई होती, आणि गावाचं पेव तिच्या ताब्यात होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र घराएवढं. आत कडब्याचा थर, त्यात ज्वारी, तोंडावर दगड आणि माती. पिकलं त्या वर्षी घरटी एक पाटी त्यात ओतायची आणि लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले तरच ते उघडायचं, असा शिरस्ता होता. गोजरा प्रत्येक पाटीत कोपरापर्यंत हात खुपसून बघायची. एकदा पाटलाच्या पाटीत तळाला कोंडा निघाला. तिने ती पाटी तशीच पाटलाच्या दारात नेऊन ठेवली, आणि अख्ख्या गावादेखत पाटलाला नवी भरावी लागली. असं म्हणतात, की दाण्याला कीड लागायच्या आधी तिच्या बोटांना कळायचं.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. गुरं गेली, पोरांची पोटं खपाटीला गेली. एका सकाळी पेवाचा दगड सरकवला. पण कोंडलेल्या पेवात विषारी वाफ असते, ती निघून जायला एक दिवस लागतो. दुसऱ्या सकाळी दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. तो तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. गोजराने हे सगळ्यांना बजावलं आणि घरी पाठवलं.

तिच्याही घरी चूल थंडच होती. तिची नात तानी भाकरीसाठी रडून रडून गप्प झाली होती, आणि ते गप्प होणं तिच्या बापाला, हैबतीला, बघवेना. गोजराचा तो एकुलता एक लेक.

"आई, एक वंजळ आणतो. पोर डोळं उघडंना," तो म्हणाला.

"उद्या," गोजरा म्हणाली. "गावाला एक न्याव अन् माझ्या नातीला दुसरा, असं करता येत न्हाई मला."

दुपारी गाव सावलीला निपचित पडलं असताना हैबती एकटाच पेवात उतरला.

काठावर त्याचं पागोटं दिसलं तेव्हा माणसं धावली. दोघं उतरायला निघाले, तर गोजरानेच त्यांना धरून ठेवलं. आणखी दोन आयांची पोरं तिला आत जाऊ द्यायची नव्हती. ती काठावर पालथी पडली आणि हाका मारत राहिली, "हैबती, वर ये." आतून ओ आली नाही. असं म्हणतात, त्या हाकांनी माळावरचे दगडही पाझरले.

सकाळी दिवा तेवला. हैबतीला वर काढलं, तर त्याच्या दोन्ही मुठी ज्वारीने गच्च भरलेल्या होत्या. पण आता ते धान्य खायचं कसं? मेलेल्या माणसाखालचं ते अन्न, पेव बुजवून टाका, असं म्हातारे म्हणू लागले. उपाशी माणसंही मागे सरली.

हैबतीला माती दिली. मग त्याच्या मुठीतले दाणे गोजराने जात्यावर दळले. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून तिने पेवाच्या काठावर तीन दगड मांडले आणि तिथे भाकरी भाजली. पहिला घास तानीच्या तोंडात घातला, दुसरा स्वतःच्या. तो तिला गिळवत नव्हता, तरी तिने गिळला.

"माझा लेक ह्याच्यापायी गेला," ती म्हणाली. "तुमी खाल्लं न्हाई तर फुकट गेला."

सगळ्यांच्या आधी पाटील पुढे आला आणि हात पसरून तिच्यासमोर बसला.

मग शेजारच्या गावांची माणसंही आली. गोजराने कुणाला गाव विचारलं नाही. असं म्हणतात, पाऊस येईपर्यंत त्या पेवाचा तळ कुणाला दिसला नाही. पुढच्या सुगीला त्या गावांनीही आपल्या पाट्या आणून ओतल्या, आणि तो रिवाज अजून आहे. गोजरा मात्र पुढे जन्मभर सांजेला पेवाशी यायची आणि दगडाला कान लावून बसायची.

अजूनही पेव उघडतात तेव्हा काठावर तीन दगड मांडतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई आत वाकून म्हणते, "हैबती, वर ये." मग सगळं गाव तिथेच बसून राहतं, कुणी कुणाला एकटं सोडत नाही. सकाळी दिवा सोडतात. तो विझला, तर हैबतीने फुंकर मारली असं म्हणतात. आणखी कुणी खाली यावं असं त्याला वाटत नाही. मग पोरं कितीही रडोत, गाव थांबतं.