गुळवणींची भाची

सोसायटीच्या वार्षिक सभेत गुळवणींनी उभं राहून सांगितलं, "त्या सुलभा तिखेकडून कुणी पोळीभाजी घेऊ नका. माझी खोली सोडताना तीन महिन्यांचं भाडं बुडवलंय तिनं."

सुलभाताई सभेसाठी केलेला उपमा घेऊन दारातच उभ्या होत्या. आमच्याच सोसायटीतल्या डब्यांवर त्यांचं घर चालायचं. भाडं खरंच थकलं होतं, त्यामुळे त्यांची मान खाली गेली.

भाडेकरू ठेवला की आमच्याकडे घरमालकाला सोसायटीचं जादा शुल्क भरावं लागतं. ते चुकवण्यासाठी गुळवणींनी पाच वर्षं सुलभाताईंना सोसायटीकडे अर्ज देऊन कागदोपत्री भाची दाखवलं होतं आणि चारचौघांत मामा म्हणायला लावलं होतं.

सुलभाताईंनी उपम्याचं पातेलं खाली ठेवलं. "मामा, मी भाडेकरू असेन तर तुम्ही पाच वर्षांचं शुल्क भरा, मी हप्त्यानं तुमचं भाडं फेडते. भाची असेन, तर मामानं भाचीकडे भाडं मागितलं असं लिहू द्या. सेक्रेटरीसाहेब, काय लिहिताय?"

सेक्रेटरी मीच. पेन उघडून मी गुळवणींकडे पाहिलं.

"भाचीच आहे," ते पुटपुटले.

"मग भाचीच्या पोळ्या घेऊ नका म्हणालात, ते मागे घ्या," सुलभाताई म्हणाल्या.

त्यांनी शब्द मागे घेतले. मी ते इतिवृत्तात लिहिलं, पण माझी मान काही वर झाली नाही. आयुष्यभर बातमीदारी करून लोकांची खोटी कागदपत्रं चव्हाट्यावर आणली. भाचीच्या त्या अर्जावर मात्र सगळं ठाऊक असून सही केली होती, ती मीच.