ठिणगी न पडणारं घर

स्कूटर तिरकी करून किक मारायचे ते दिवस. तेव्हा धुंडिराजभटांकडे गंगू नावाची एक स्कूटर होती. एकदा लग्न लावायला निघाले असताना ती गावाच्या वेशीपाशीच फुरफुरून बंद पडली. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग गेला होता. डिकीत दोन प्लग होते. एक जुना, काळवंडलेला. दुसरा नवाकोरा, पण फळीवरून पडल्यामुळे त्याची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटलेली.

गंगू पडली संसारी बाई. तिने आधी दोघांची चौकशी केली.

"आमच्या दोन टोकांत कसलं अंतरच नाही," नवा म्हणाला. "घरात आजवर एकदाही ठिणगी पडलेली नाही!"

"आमच्यात रोज पडते," जुना म्हणाला.

"शी! भांडकुदळ मेला!" म्हणत गंगूने अंग झटकलं आणि नव्यालाच भटजींच्या हाताशी सरकवलं.

भटजींनी तो बसवला, गंगूला तिरकी केली, धोतर सावरलं आणि किकवर किक मारली. गंगू हूं की चूं करेना. तिकडे मांडवात सनई चढली. भटजी रडकुंडीला आले.

'अगंबाई, माझ्यापायी पोरीचा मुहूर्त टळायचा!' गंगू चरकली. तिने हळूच हाक मारली, "ये रे बाबा भांडकुदळा."

भटजींनी घाईघाईने प्लग बदलला. जुन्याच्या टोकांमधल्या फटीत चटकन ठिणगी पडली आणि गंगू मांडवाकडे उधळली.

"बघा, आमच्यात अजूनही ठिणगी नाही हं!" डिकीतून नवा ओरडला.

"म्हणून तर डिकीत आहेस, राजा," गंगू म्हणाली.