गबदुलीचा बारशाचा लाडू

गोठ्यामागे एक शेणकिडी राहायची. काळी काळी. गोल गोल. नाव तिचं गबदुली.

आज गबदुलीच्या बाळाचं बारसं. बारशाला लाडू हवा. कसला लाडू? शेणाचा!

पहाटेच तिने वळला. ताजा. मऊ. वासाचा. डोकं खाली, पाय वर, गबदुली लाडू ढकलत निघाली. गडगड गडगड.

वाटेत सगुणाकाकू गोवऱ्या थापत होती. तिला वाटलं, आपलाच गोळा पडला. उचलला. भिंतीवर थापला. थप्प!

“काकू, काकू! तो माझा लाडू!”

“शेणाचा लाडू? ईऽऽ!” काकू म्हणाली. हात मात्र कोपरापर्यंत शेणात! “थापलेला आता निघायचा नाही गं. म्हशीकडून शेणाचा पो आण. नवा वळून देते.”

लाडवाशिवाय बारसं कसं? गबदुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

“म्हैसमावशी, म्हैसमावशी, पो दे गं!
काकूने लाडू थापला.
बाळाचं बारसं होईना!”

“शेणाचा लाडू? ईऽऽ!” म्हैस म्हणाली. आणि शेण कुणाचं? तिचंच! “माझं पोट रिकामं. हिरवं गवत आण. मग देते.”

तुरुतुरु तुरुतुरु.

“गवतदादा, गवतदादा, हिरवा हो रे!
काकूने लाडू थापला.
म्हैस पो देईना.
बाळाचं बारसं होईना!”

“शेणाचा लाडू? ईऽऽ!” गवत म्हणालं. पाय मात्र शेणखतात! “मी सुकलोय. पाटाचं पाणी आण. मग होतो.”

तुरुतुरु तुरुतुरु.

“पाटकाका, पाटकाका, पाणी दे रे!
काकूने लाडू थापला.
म्हैस पो देईना.
गवत हिरवं होईना.
बाळाचं बारसं होईना!”

“शेणाचा लाडू? ईऽऽ!” पाट म्हणाला. कालच म्हैस त्यात डुंबली होती. शूसुद्धा केली होती! “माझ्या तोंडात बेडूक बसलाय. ढोल्या! त्याला उठव. मग वाहतो.”

तुरुतुरु तुरुतुरु.

“बेडूकमामा, बेडूकमामा, ऊठ रे!
काकूने लाडू थापला.
म्हैस पो देईना.
गवत हिरवं होईना.
पाट वाहीना.
बाळाचं बारसं होईना!”

“शेणाचा लाडू? ईऽऽ!” बेडूक म्हणाला. तोंडातून त्याच्या अर्धं गांडूळ लोंबत होतं. वळवळ वळवळ! “मी नाही उठत जा. कुणी नाकात गुदगुल्या केल्या, तरच उठेन.”

गबदुली दमली. रडकुंडीला आली. तरी निघाली. तुरु... तुरु...

“माशीताई, माशीताई, मामाच्या नाकात गुदगुल्या कर गं!
काकूने लाडू थापला.
म्हैस पो देईना.
गवत हिरवं होईना.
पाट वाहीना.
बेडूक उठेना.
बाळाचं बारसं होईना!”

“शेणाचा लाडू?” माशी म्हणाली.

गबदुलीने डोळे मिटले. आता ही पण ‘ई’ म्हणणार.

“अहाहा!” माशी म्हणाली. “ताजा? वासाचा? मला देशील?”

“देईन गं! आणि बाळाची आत्याही तूच हो!”

माशी उडाली. गुंऽऽ! थेट बेडकाच्या नाकात.

आऽऽक्छी! शेंबूड उडाला. बेडूकही उडाला. टुणुक!

पाट वाहिला. खळखळ खळखळ.
गवत हिरवं झालं. सळसळ सळसळ.
म्हशीने खाल्लं. करकर करकर.
पोट बोललं. गुडगुड गुडगुड.
शेपूट वर गेलं. मागे सरा रे, मागे सरा!

पच्याक!

“अगं बाई, केवढा हा पो!” काकू हसली. तिने लाडू वळला. पहिल्याहून मोठा. आणि अगदी हळूच गबदुलीपुढे ठेवला.

बारसं झालं. माशीआत्याने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं. नाव ठेवलं लाडोबा.

मग गबदुलीने लाडू वाटला.

“मला उपास आहे बाई,” काकू म्हणाली.
“माझे दात दुखतात,” म्हैस म्हणाली.
“माझं पोट भरलंय,” बेडूक म्हणाला.

माशीआत्याने मात्र तीनदा मागून खाल्ला.

एक घास अजून उरलाय. गबदुलीने तुझ्यासाठीच ठेवलाय.

आऽ कर बरं!