भरून आलेलं गलबत

शंखबंदरच्या दिवाण त्र्यंबकरावांनी राज्य श्रीमंत करायची एक जालीम युक्ती काढली आणि गावभर दवंडी पिटवली : परदेशात आपला माल खुशाल विका, पण तिकडून काडीसुद्धा विकत आणायची नाही. येताना आणायचं ते फक्त सोनं! राजेसाहेब बेहद्द खूश झाले.

त्यानंतर पहिलं गलबत गेलं ते सुंदराबाई तांडेलणीचं, काळी मिरी भरून. ते परत येताना दिसलं आणि दिवाणजींचे डोळे चमकले. गलबत पाण्यात चांगलं खोल बसलं होतं. म्हणजे आत माल होता!

"सापडली!" म्हणत दिवाणजी राजेसाहेबांना घेऊनच धक्क्यावर धावले. मागे अख्खा गाव लोटला. शिपायांनी एक पोतं फोडलं. आत काळी मिरी! दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. सगळी मिरीच, तीही आपल्याच डोंगरातली.

"अहो बाई, विकली का नाहीत?" राजेसाहेब ओरडले.

सुंदराबाईंनी पदर खोचला. "कशी विकणार, महाराज? तिथल्या वजिरांनी विचारलं, आमचा खजूर का नेत नाही? मी दिवाणजींचा हुकूम सांगितला. त्यांना तो इतका आवडला, की त्यांनीही लगेच तस्साच काढला!"

धक्क्यावर हशा उसळला. राजेसाहेबही हसू दाबत म्हणाले, "मग आता एवढ्या मिरीचं करायचं काय?"

"दिवाणजींच्या घरी उतरवते, महाराज. हुकूम मागे घेईपर्यंत खाऊ देत एकटेच!"

दिवाणजींना तिथेच ठसका लागला, आणि त्या ठसक्यातच त्यांनी हुकूम मागे घेतला.